जंगलाचा माथा

शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे, फांद्या आणि पाने जिथे एकमेकांत मिसळतात, त्या थराला वृक्षछत्र म्हणतात. जंगलावर पडणाऱ्या उन्हातला मोठा वाटा हा थर घेतो, पावसाचा पहिला मारा त्याच्यावर बसतो, आणि बहुतेक फुले, फळे, त्यांच्यावरचे किडे व त्या किड्यांवर जगणारे पक्षी तिथेच असतात. जमिनीवरून चालणाऱ्याला मात्र मुख्यतः खोडे दिसतात. खोडांची जाडी मोजून लाकडाचा हिशेब मांडण्याचे काम वनखात्यांनी फार लवकर सुरू केले. माथ्यावर काय चालते याची चौकशी त्या मानाने उशिरा झाली.

हे छत्र पाहण्यासाठी महाराष्ट्रात हेमलकशासारखी दुसरी जागा शोधणे अवघड आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागात, भामरागड तालुक्यात हे गाव आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम जवळच होतो आणि नदीपलीकडे छत्तीसगड लागते. राज्याच्या एकूण क्षेत्रापैकी साधारण साडेसोळा टक्के भागावरच वनाच्छादन आहे. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोली जिल्ह्यात ते दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणाप्रमाणे हे पानझडी जंगल आहे. बराचसा भाग शुष्क पानझडीचा, तर नद्यानाल्यांच्या काठाने आणि आलापल्लीच्या बाजूला आर्द्र पानझडीचा.

या छत्राचे थर स्पष्ट ओळखू येतात. सर्वांत वर साग, येन, बिजा, हळदू, धावडा, बेहडा आणि काटेसावर असतात. चांगल्या खोल मातीत हे वृक्ष पंचवीस-तीस मीटरपर्यंत जातात. त्यांच्या खाली तेंदू, चार, आवळा, लेंडिया, भेरा यांचा दुसरा थर आणि त्यातच बांबूची बेटे. ओढ्याकाठी अर्जुन आणि जांभूळ यांचे छत्र उन्हाळ्यातही बऱ्यापैकी हिरवे राहते. या सगळ्या थरांना वेली बांधून ठेवतात. माहूल वेल मांडीएवढ्या जाड खोडाने वर चढते, एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि स्वतःची रुंद, दुभंगलेली पाने थेट माथ्यावर पसरते. फांद्यांच्या बेचक्यांत वांडा जातीची ऑर्किडे असतात. बांडगुळाचा प्रसार फुलटोचा हा चिमुकला पक्षी करतो: त्याने खाल्लेल्या फळातली बी चिकट असते, ती विष्ठेबरोबर फांदीला चिकटते आणि तिथेच रुजते.

पानझडी छत्राचे खरे रूप त्याच्या वर्षभराच्या फेऱ्यात कळते. थंडी सरता सरता साग पाने टाकू लागतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत डोंगरउतार मोकळे होतात. याच काळात पळस आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. पाने नसताना फुलण्यात झाडाचा फायदा असतो: फुले दुरून दिसतात आणि मैना, कोतवाल, शिंजीर यांना मधापर्यंत विनाअडथळा पोहोचता येते. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. त्याची मांसल, गोड फुले रात्री उमलतात. फळे खाणारी वटवाघळे त्यांच्यासाठी येतात आणि परागण करून जातात. पहाटे पाकळ्यांचा भाग गळून खाली पडतो.

त्यानंतर घडते ते या जंगलाचे मोठे नवल मानायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंशांच्या घरात असते, पावसाला अजून महिनाभर अवकाश असतो, माती तडकलेली असते, आणि तरीही कुसुम, मोह, बिजा अशी कितीतरी झाडे नवी पालवी काढतात. कुसुमाची पालवी इतकी लालभडक असते की लांबून फुलोराच वाटावा. जुनी पाने गळाल्यामुळे झाडाचा पाण्याचा खर्च थांबलेला असतो. खोल मुळे खालच्या थरांतली ओल शोषतात आणि खोडात साठलेल्या पाण्याच्या जोरावर कळ्या फुटतात. पावसाचा पहिला महिना वाया जाऊ नये, ढगांआडून मिळणारे सगळे ऊन पूर्ण वाढलेल्या पानांनी घ्यावे, याची ही तयारी असते. कोवळ्या पानांतला तांबडा रंग त्यांना तीव्र उन्हापासून काही प्रमाणात वाचवतो, असे मानले जाते.

जूनच्या अखेरीपर्यंत छत्र पुन्हा भरून येते. वरची पाने तुलनेने लहान, जाड आणि तिरपी. खालची मोठी, पातळ आणि आडवी. एकाच झाडावरचा हा फरक उन्हाच्या वाटपातून येतो. पानांच्या थरागणिक प्रकाश ठरावीक प्रमाणात कमी होत जातो, हे मासामी मोन्सी आणि तोशिरो साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ साली गणिताने मांडले आणि छत्राच्या अभ्यासाला पक्का पाया मिळाला. जमिनीपर्यंत जे पोहोचते ते मुख्यतः कवडशांच्या रूपाने. एखादा कवडसा काही सेकंद किंवा काही मिनिटे टिकतो, पण खालच्या रोपट्यांच्या दिवसभराच्या कमाईत या सरकत्या उजेडाचा वाटा मोठा असतो.

पावसाचेही वाटप छत्रच करते. काही पाणी पानांवरच अडते आणि तिथूनच वाफ होऊन जाते, काही थेंबाथेंबाने खाली गळते, काही फांद्यांवरून खोडाकडे वाहत मुळांशी उतरते. गर्द छत्राने माती वाचते हा सर्वसाधारण समज सागाच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. सागाचे पान हातभर लांब-रुंद असते. त्यावर पाणी साचून मोठे थेंब तयार होतात आणि ते पंधरा-वीस मीटरवरून पडतात तेव्हा त्यांचा आघात मूळ पावसाच्या थेंबापेक्षाही जास्त असू शकतो. खाली झुडपे, गवत आणि पालापाचोळा असेल तर हा आघात तिथे जिरतो. उन्हाळ्यात वणव्याने तळ साफ झालेला असेल, तर सागाखालची माती पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते. मातीची राखण छत्र आणि तळ मिळून करतात, ही गोष्ट एकसुरी सागवनात फार लवकर लक्षात येते.

सागाच्या माथ्यावर दरवर्षी दोन किड्यांची मोठी भरती येते. पहिल्या पावसानंतर, पाने कोवळी असताना, पाने फस्त करणारी अळी येते आणि काही दिवसांत शिरा सोडून सगळे खाऊन टाकते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी अळी येते. ती पानाचा फक्त हिरवा गर खाते आणि बारीक शिरांची जाळी तशीच ठेवते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलापल्ली ते भामरागड रस्त्यावरचे साग करपल्यासारखे तपकिरी दिसतात, ते या अळीमुळे. झाड सहसा मरत नाही, त्याची त्या वर्षीची वाढ मात्र घटते. उलट बाजूने पाहिले तर अळ्यांचा हा पूर पक्ष्यांसाठी पर्वणी ठरतो. गोमेट, कोतवाल, हळद्या, सुतार आणि वटवटे यांच्या मिश्र टोळ्या माथ्यावरून एकत्र फिरतात. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी लागतो आणि ससाण्याची चाहूल कोणा एकाला लागली तरी सगळे सावध होतात.

छत्राशी सर्वांत घट्ट बांधलेला प्राणी म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याची प्रसिद्धी सह्याद्रीतल्या भीमाशंकरमुळे झाली. तिथले अभयारण्य १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठीच जाहीर झाले. पूर्व विदर्भातल्या उंच जंगलांतही त्याचे बांधव राहतात. दीड-दोन किलो वजनाची, शरीरापेक्षा लांब झुपकेदार शेपटीची ही खार जमिनीवर क्वचितच उतरते. तिचे खाणे, विणीचा काळ, पिल्लांचे संगोपन, झोप सगळे वरच. सहा मीटरपर्यंतची झेप ती सहज घेते. शेपटीचा उपयोग तोल सांभाळण्यासाठी होतो. फळ खाताना मागच्या पायांनी फांदी धरून ती उलटी लटकते तेव्हा तो विशेष दिसतो. एक शेकरू डहाळ्या आणि पाने रचून एकापेक्षा जास्त गोल घरटी बांधते, आणि ती सहसा अशा ठिकाणी असतात जिथे दोन-तीन झाडांचे शेंडे जुळलेले असतात, म्हणजे शत्रू एका बाजूने आला तर दुसऱ्या झाडावर निसटता येईल. रेने बोर्जेस यांनी १९८०च्या दशकात शेकरूच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसले की फळे-बियांबरोबर पाने आणि सालही ती खाते आणि ऋतूनुसार झाडे बदलत राहते. झाडांची विविधता आणि शेंड्यांची सलगता या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी लागतात.

रात्री हेच मार्ग मोठी उडणारी खार वापरते. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. उंच शेंड्यावरून ती स्वतःला झोकून देते, पडदा ताणते आणि तरंगत दुसऱ्या झाडाच्या खोडावर उतरते. दिवसा ती ढोलीत झोपते, आणि ढोल्या जुन्या झाडांनाच असतात. राखी धनेशालाही जुनी झाडेच लागतात. त्याची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत एका फटीतून नराने आणलेल्या फळांवर जगते. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच वृक्षांच्या माथ्यावर घरटी करतात; जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशभर त्यांचा संहार झाला, २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि गडचिरोली हा राज्यात उरलेल्या त्यांच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक ठरला. वानरांच्या टोळ्या पाने-फळे खाताना पुष्कळ माल खाली सांडतात. चितळे तो वेचण्यासाठी झाडाखाली जमतात आणि वानरांच्या धोक्याच्या हाकेवर विसंबतात. छत्र जमिनीवरच्यांनाही पोसते, त्याचे हे सोपे उदाहरण.

शास्त्रज्ञ येण्याच्या कितीतरी आधीपासून या माथ्याचा अभ्यास माडिया लोक करत आले आहेत, कारण त्यांचे पोट त्यावर अवलंबून होते. कोणत्या झाडावर आग्या मोहोळ कोणत्या महिन्यात लागते, लाल मुंग्यांची घरटी कुठे आहेत, कोणत्या मोहाला फुले जास्त, हे त्यांना तपशिलाने ठाऊक असते. लाल मुंग्या छत्रातल्या सर्वांत कुशल कारागीर. कामकरी मुंग्या साखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात, दुसऱ्या मुंग्या अळ्यांना तोंडात धरून फिरवतात आणि अळ्यांच्या रेशमाने पाने शिवली जातात. त्या मुंग्यांची आणि अंड्यांची आंबट चटणी माडियांच्या रोजच्या जेवणातली आहे. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत मात्र महागात पडते. जंगलातल्या अनेक वणव्यांची सुरुवात तिथून होते. पाचोळा झाडून घेणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

वानरे, माकडे आणि खारी यांची तीरकमठ्याने होणारी शिकारही अन्नटंचाईतून येत असे. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहू लागले. शिकाऱ्यांनी मारून नेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले प्रकाश आमटे यांनी पाहिले आणि ते मागून घेतले. प्रकल्पातल्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात त्या पिल्लापासून झाली. पुढे गावोगावचे लोक आई गमावलेली पिल्ले स्वतःहून आणून देऊ लागले. शिकार थांबवा असा उपदेश करण्याऐवजी शेती, शाळा आणि दवाखाना यांच्या वाटेने भूक कमी करण्याचा हा मार्ग होता, आणि छत्रातल्या प्राण्यांच्या दृष्टीनेही तोच टिकणारा ठरला.

माथ्यापर्यंत पोहोचण्याचे शास्त्रीय प्रयत्न विसाव्या शतकात सुरू झाले. हिंदुस्थानात लष्करी वैद्यकीय सेवेत असलेले आणि १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेचे डॉक्टर राहिलेले मेजर हिंग्स्टन १९२९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची तुकडी घेऊन ब्रिटिश गयानात गेले. दोर फेकणाऱ्या बंदुकीने त्यांनी उंच फांद्यांवर दोर टाकले आणि किडे पकडण्याचे सापळे वर चढवले. १९७०च्या दशकात गिर्यारोहणाची दोर-तंत्रे वापरात आली. टेरी अर्विन यांनी पनामातल्या एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले किडे मोजले. नुसत्या भुंग्यांच्याच सुमारे १२०० जाती निघाल्या. त्यावरून त्यांनी १९८२ साली जगात कीटक व तत्सम प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज बांधला. पुढे हा आकडा बराच खाली आला, पण जंगलातले जीवन वर दडलेले आहे ही गोष्ट त्यानंतर कोणी नाकारली नाही. १९९० साली ॲलन स्मिथ यांनी पनामातच इमारतीच्या बांधकामाची क्रेन जंगलात उभी केली. तिच्या पिंजऱ्यातून हव्या त्या पानापर्यंत जाता येऊ लागले.

क्रेन आणि दोर नसतानाही छत्र वाचता येते. झाडाखाली पडलेली कुरतडलेली फळे, अर्धवट खाल्लेली पाने, विष्ठा, पिसे आणि फुलांचे देठ यांची रोजची नोंद ठेवली तर वर कोण येते-जाते ते कळते. दुर्बिणीने एकाच शेंड्याकडे सकाळचे दोन तास पाहणे हे दहा किलोमीटर भटकण्यापेक्षा अधिक फळ देते. छत्राची दाटी मोजण्यासाठी १९५६ साली पॉल लेमन यांनी एक सुटसुटीत साधन तयार केले: फुगीर आरसा, त्यावर कोरलेले २४ चौकोन, आणि त्यांत दिसणारे आकाश व पाने यांची मोजणी. पुठ्ठ्याच्या नळीच्या तोंडाला दोन दोरे आडवे-उभे बांधूनही काम भागते. ठरावीक पावलांवर थांबायचे, सरळ वर पाहायचे आणि दोऱ्यांच्या छेदावर पान आहे की आकाश एवढे लिहायचे. अशा शंभर नोंदींपैकी जितक्यांत पान, तितके टक्के छत्र.

याच टक्क्यांवर देशाच्या जंगलांचा हिशेब चालतो. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रह-चित्रांवरून अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त छत्र असेल तर ते वनाच्छादन. १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, त्यापुढे अतिदाट. ही मोजणी उपयोगाची आहे, पण तिला झाडाची जात कळत नाही. एका वयाच्या सागाची लागवड आणि शंभर जातींचे मिश्र जंगल दोन्ही ७० टक्क्यांत बसतात. पहिल्यात मार्चमध्ये सगळे छत्र एकदम नाहीसे होते. दुसऱ्यात एक झाड उघडे असते तेव्हा शेजारचे पालवलेले असते आणि शेकरूला बाराही महिने वाट मिळते. उंचीचा पत्ता आता लेसरने लागतो: डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले गेडी हे उपकरण किरण सोडून माथा आणि जमीन यांमधले अंतर मोजते. आतले थरही त्यातून दिसतात. जात ओळखायला मात्र अजून जंगलात जावेच लागते.

जुने छत्र कसे असते याचा नमुना आलापल्लीजवळ राखलेला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जाणारा सहा हेक्टरांचा हा तुकडा १९५३ पासून तोडीविना ठेवला गेला आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आलापल्लीचा साग लाकडासाठी देशभर नावाजलेला आहे. म्हणूनच तो उभा कसा दिसतो हे दाखवणारी जागा इतकी मोलाची. आभाळात गेलेली सरळ खोडे, त्यांच्या मधल्या पोकळीत वाढणारी तरुण झाडे, वाऱ्याने पडलेल्या वृक्षामुळे उघडलेली खिडकी आणि तिच्यातून आलेल्या उजेडात उसळलेली रोपे, असे सगळे टप्पे तिथे एका नजरेत येतात.

पडलेल्या झाडाची खिडकी काही वर्षांत भरून येते. रस्त्याने, वीजवाहिनीने किंवा खाणीने पाडलेली फट भरत नाही. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे आणि त्याबरोबर वाहतुकीचे रस्ते रुंद होत आहेत. दोन्ही बाजूंचे शेंडे वर जुळत असतील तर अरुंद रस्ता शेकरूला अडवत नाही. ते जुळणे तुटले की तिला जमिनीवर उतरावे लागते किंवा पलीकडचे जंगल सोडून द्यावे लागते. नकाशावर वनाच्छादन जवळपास तेवढेच राहते. रस्ता आखतानाच काही अंतरावर मोठी झाडे समोरासमोर राखणे, किंवा फांद्यांना जोडणारे दोरांचे पूल बांधणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत आणि ते आराखड्यातच असायला हवेत.

शहरातल्या बागांचे छत्र तुटक असते, तरी त्याचे नियम हेच. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढणाऱ्या चंद्रपुरात कडुनिंब, वड आणि पिंपळ यांच्या जुन्या रांगा रस्त्यावरचे ऊन थेट कमी करतात, शिवाय पाने पाणी बाहेर टाकतात तेव्हा भोवतालची हवाही थोडी निवते. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनाची सुरुवात १९४९ साली झाली तेव्हा ती जागा खडकाळ माळ होती. आज तिथल्या झाडांची सावली पाहिली की छत्र माणसाच्या एका आयुष्यात उभे करता येते याची खात्री पटते. बागेत गुलमोहर आणि पेल्टोफोरम यांच्याबरोबर उंबर, पिंपळ, बेहडा, कुसुम अशी स्थानिक झाडे लावली, तर तांबट, धनेश आणि वटवाघळांना वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत खाणे मिळते.

नागरी भागातली झाडे महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. दर पावसाळ्याआधी होणारी फांद्यांची छाटणी हा मात्र वेगळा प्रश्न आहे. मे-जून हा पुष्कळ पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो आणि नेमकी तेव्हाच करवत चालते. शेंडा सरसकट उडवला की झाड खालून कमकुवत फुटवे काढते आणि वादळात तेच आधी मोडतात. धोक्याची फांदी तेवढी बुंध्याजवळून नीट कापावी, घरटे पाहून घ्यावे, आणि शक्य असेल तिथे हे काम हिवाळ्यात उरकावे.